वेळेवर पोचलेलं विमान

काराकोलच्या बाजारात आश्ल्यानफूच्या, म्हणजे आंबट-तिखट शेवयांच्या, टपरीवर कोणी उशिरा आलं की तिथल्या बायका विचारायच्या, "का रे बाबा, तेमिर कनातने आलास वाटतं?" आणि सगळी टपरी हसायची. मी त्याच विमान कंपनीत वैमानिक होते, त्यामुळे मला तिथे तोंड खाली घालून शेवया ओरपाव्या लागायच्या. तेमिर कनात म्हणजे लोखंडी पंख. नाव ठेवणाऱ्याने हात आखडता घेतला नव्हता.

पण खरं सांगते, एके काळी ते नाव शोभत होतं. मी रुजू झाले तेव्हा कंपनीची त्रेचाळीस विमानं होती. मॉस्कोला रोज दोन, ताश्कंदला तीन, नोवोसिबिर्स्कला एक, आणि डोंगरातल्या ज्या गावांना धड रस्ता नव्हता तिथेही आठवड्यातून एकदा. आमचे कमांडर गणवेशात रस्त्याने निघाले की बायका दारातून वाकून बघायच्या. मग सोव्हिएत देश फुटला. तेल मिळेनासं झालं. आधी मॉस्को गेलं, मग ताश्कंद. विमानं एकेक करून जमिनीवर बसली ती बसलीच. वैमानिक बाजारात चिनी विजारी विकायला लागले. एका हिवाळ्यात पगार म्हणून पुरुषांचे मोजे मिळाले, दोनशे चाळीस जोड. मला नवरा नाही, भाऊ नाही. पुढचं वर्षभर ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला मी मोजे दिले.

अठ्ठ्याण्णवच्या शरदापर्यंत त्रेचाळीसचं एक झालं होतं. ते एक आमच्याकडे होतं, काराकोलला. याक-४०, शेपटीत तीन इंजिनं, पोटात बत्तीस खुर्च्या. त्याच्या दोन बहिणी धावपट्टीच्या कडेला गवतात उभ्या होत्या. एकीत राखणदाराच्या कोंबड्या राहायच्या. आमचा उड्डाण-मेकॅनिक जुमाश काही मोडलं की पाना घेऊन त्या दोघींकडे जायचा आणि काहीतरी काढून आणायचा. "थोरलीने डोळा दिला," असं म्हणत दिवा बसवायचा.

आता माझं. मी सहवैमानिक. म्हणजे उजवी खुर्ची. विमानात डावी खुर्ची कमांडरची असते, आणि कमांडरची परीक्षा मी सहा वर्षांपूर्वी पास झाले होते, शंभरात अठ्ठ्याण्णव. फक्त मुख्य वैमानिकाच्या सहीचा हुकूम हवा होता. मुख्य वैमानिक म्हणजे तुर्दाकुन आके. आके म्हणजे थोरला भाऊ, पण वयाने ते माझ्या बापासारखे. मी विचारलं की ते मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू, पोरी." असे बहात्तर पुढचे महिने मी मोजले.

खरं कारण सगळ्यांनाच माहीत होतं. विमान एक, डावी खुर्ची एक. ती मला मिळाली की ते उठले. नवरोजच्या जेवणात, सगळ्यांच्या देखत त्यांनी सांगूनच टाकलं होतं, "माझं शेवटचं उड्डाण मी डाव्या खुर्चीतून करणार. त्यानंतर खुशाल भांडा." माझा रागाने जीव जायचा. आणि या माणसानेच मला वारा ओळखायला शिकवलं होतं, म्हणून धड भांडताही यायचं नाही.

त्या शुक्रवारी राजधानीत मोठ्या साहेबांची बैठक होती. कंपनी कोणी विकत घेतंय की दाराला कुलूप लागतंय, ते त्या दिवशी ठरणार होतं. फोन यायचा होता तो साबिरा एजेच्या तिकीट-खिडकीत. एजे म्हणजे थोरली बहीण; साबिरा एजे माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षं तिने तिकिटं फाडली आणि स्वतः एकदाही विमानात बसली नाही. "मला जमीन आवडते," एवढंच म्हणायची.

सकाळपासून आम्ही दोघी त्या फोनच्या दोन बाजूंना बसून होतो. काळजी होतीच. पण दुसरंही कारण होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे चांगली बातमी फुकट मिळत नाही. जो आधी धावत येऊन "सुयुन्चु!" असं ओरडेल, त्याला बक्षीस द्यायचं. कोणी रुमाल मागतं, कोणी मिठाई, नातू झाला असेल तर कोकरूसुद्धा. आणि बातमी ऐकायच्या आधी "हो" म्हणायचं असतं. मुलं झाल्याच्या बातम्या घेऊन दवाखान्यातून पळताना आमच्याकडे लोकांनी पाय मोडून घेतलेत. साबिरा एजेचा तर यात हातखंडा होता. तिच्या कपाटात सुयुन्चुचे अकरा रुमाल होते.

"तू जा की विमानाकडे," ती म्हणाली. "फोन आला तर सांगते तुला."

"सांगाल हो, तुर्दाकुन आकेंना सांगून झाल्यावर."

"मग बस अशीच. चहा तरी टाकते."

ती किटली घेऊन मागच्या खोलीत गेली आणि फोन वाजला.

पलीकडे मुख्यालयातली मायराम होती. लाईन इतकी खराब की ती विहिरीतून बोलतेय असं वाटावं. "झाली! सही झाली! उलकान, तू आहेस का? घेतली त्याने! सगळी कंपनी घेतली, अख्खी..."

मी मान वर केली. दारात साबिरा एजे उभी होती, हातात चहाची किटली. तिने माझा चेहरा पाहिला. मी तिचा पाहिला. बाहेरच्या दाराला ती माझ्यापेक्षा दोन पावलं जवळ होती.

मी फोन टाकला आणि पळाले.

काय पळाले! खिडकीखालच्या बाकावरून उडी मारली, राखणदाराच्या कोंबड्या चारी दिशांना गेल्या. मागून साबिरा एजे. बावन्न वर्षांची बाई, हातातली किटली न सोडता, चहा दोन्ही बाजूंनी सांडत. "उलकान! अगं थांब! निम्मं निम्मं करू!" मी कशाला थांबतेय! तीनशे मीटर होते विमानापर्यंत. अर्ध्या वाटेवर तिचा दम संपला, मला मागे शिव्या ऐकू आल्या, मग त्याही थांबल्या.

तुर्दाकुन आके आणि जुमाश पंखाखाली चाकाशी बसले होते.

"सुयुन्चु!" मी लांबूनच ओरडले. "तुर्दाकुन आके, सुयुन्चु! सुयुन्चु!"

ते इतक्या झटक्यात उठले की पंखाला डोकं आपटलं. डोकं चोळत उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा बघून मला हसू आलं आणि रडूही. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो माणूस आनंदी दिसत होता. हात आधीच खिशात गेला होता.

"माग, पोरी. काय पाहिजे?"

मी रुमाल मागणार होते. देवाशपथ, रुमालच. बाजारात एक निळा बघून ठेवला होता. पण श्वास घेतला आणि तोंडातून भलतंच बाहेर आलं.

"डावी खुर्ची."

जुमाशच्या हातातला पाना खाली पडला.

"हे काय मागणं झालं?" तुर्दाकुन आके म्हणाले.

"आधी हो म्हणा."

"अगं, लोक मिठाई मागतात."

"मिठाई नको. आधी हो म्हणा, मग बातमी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग विमानाकडे. पंखाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, धूळ आहे का बघतात तसं.

"बातमी एवढी मोठी आहे?"

"एवढी मोठी आहे."

"बरं," ते म्हणाले. "हो. पुढचं उड्डाण डाव्या खुर्चीतून तू करशील. आता सांग, नाहीतर हा जुमाश मरेल इथे."

"कंपनी घेतली कोणीतरी! सही झाली! अख्खी घेतली! वाचलो आपण!"

जुमाशने मला उचलून गरगर फिरवलं. तो माणूस तीनशे किलोची इंजिनं सरकवतो, माझ्या बरगड्या दोन दिवस दुखत होत्या. तुर्दाकुन आके मोठमोठ्याने हसत होते आणि मिशा पुसत होते. मग त्यांनी खिशातून हवामानाचा कागद काढला, तो पंखावर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला तिथल्या तिथे हुकूम लिहिला. उलकान, कमांडर, आजच्या तारखेपासून. खाली सही. सहा वर्षं जी सही झाली नाही, ती तीन सेकंदांत झाली.

"धर. आणि पहिल्याच उड्डाणात धावपट्टी चुकलीस तर मी उडी मारेन, सांगून ठेवतो."

"पॅराशूट कुठे आहे आपल्याकडे?" जुमाश म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी पडदे शिवले त्याचे."

आम्ही हसतच होतो तेव्हा साबिरा एजे येताना दिसली. ती चालत येत होती. मी तिला कधी हळू चालताना पाहिलं नव्हतं. किटली अजून हातातच होती.

"रागावू नका एजे," मी ओरडले. "निळा रुमाल मी घेऊन देते तुम्हाला!"

ती जवळ आली. माझ्याकडे न बघता तुर्दाकुन आकेंना म्हणाली, "हिने फोन ठेवला नव्हता. नुसता टाकून आली. मी ठेवायला गेले, तर मायराम अजून बोलतच होती."

"मग?"

"घेतलीय, हे खरं. पण उडवायला नाही घेतली. सुटी करून विकायला घेतलीय. इंजिनं एकाला, चाकं एकाला, खुर्च्या कुठल्याशा चहाखान्याला. आपलं हे एकच उडतं उरलंय. सोमवारी अकरा वाजता राजधानीत नेऊन द्यायचं. तिथे त्याचा माणूस ताबा घेईल. त्यानंतर कंपनी नाही."

मग मला उमगलं. पुढचं उड्डाण म्हणजे सोमवारचं. शेवटचं. तुर्दाकुन आकेंनी एकतीस वर्षं जे डाव्या खुर्चीतून करायचं म्हणून जपून ठेवलं होतं ते. आणि त्याचा हुकूम माझ्या मुठीत होता, शाई पुरती वाळलीही नव्हती.

मला माझीच इतकी लाज वाटली की कान गरम झाले. मी कागद पुढे केला. "आके, परत घ्या. मी काही मागितलंच नाही असं समजा."

त्यांनी कागदाला हात लावला नाही. चिंधीने बोटं एकेक करून पुसली, टोपी घातली आणि आपल्या जुन्या झिगुलीकडे निघून गेले. गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली.

"अगं बाई," जुमाश म्हणाला, "वाक्य तरी पुरं होऊ द्यायचं होतंस!"

"तू असतास तर थांबला असतास?"

त्याने डोकं खाजवलं. "नसतो थांबलो," तो म्हणाला.

रविवारी मी त्यांच्या गावी गेले. काराकोलपासून पश्चिमेला पसरलेल्या मोठ्या तळ्याच्या दक्षिण काठावर आहे ते, सफरचंदांच्या बागांत. आके घरी नव्हते, मासे धरायला गेले होते. जेंगे, म्हणजे त्यांची बायको, अंगणात सफरचंदं वेचत होती. मी कागद काढला.

"तो आत ठेव," ती म्हणाली. "दिलेली सुयुन्चु परत घेणाऱ्यांतली आम्ही माणसं नव्हे."

"जेंगे, बातमी खोटी होती. मीच गाढव, अर्धी ऐकून पळाले."

"ते कळलं मला. सगळ्या काठाला कळलं." तिने मला एक सफरचंद दिलं. "तू मला एकच सांग. उद्या किती वाजता जाल इथून? एकतीस वर्षं हे वरून जाताना डाव्या खिडकीतून बघतात आणि पंख हलवतात. मी पांढरा रुमाल घेऊन उभी असते. उद्या शेवटचंच, तर जरा आधीच उभी राहीन म्हणते."

ते सफरचंद न खाताच मी खिशात टाकलं. परत येताना मी ठरवून टाकलं. कागद त्यांनी घेतला नाही तरी चालेल, बसायचं कुठे हे तर माझ्या हातात आहे.

सोमवारी हवा अशी स्वच्छ होती की तळ्यापलीकडच्या डोंगरांवरचा बर्फ मोजता यावा. निम्मं काराकोल कुंपणाशी जमलं होतं. आश्ल्यानफूवाल्या बायकाही आल्या होत्या आणि त्यांतली एकही काही बोलत नव्हती. जुमाशने विमान दोन दिवस धुतलं होतं. मी सगळ्यांच्या आधी आत गेले आणि उजव्या खुर्चीत पट्टा लावून बसले.

तुर्दाकुन आके आले ते पूर्ण गणवेशात, चार सोनेरी पट्ट्या, बूट आरशासारखे. दारात थांबले.

"माझ्या जागेवर का बसलीस?"

काहीच न कळून मी डावीकडे बोट दाखवलं. "तुमची ती, आके."

"ती कमांडरची. सहवैमानिक उजवीकडे बसतो. ऊठ."

"आके, बातमी खोटी होती ना!"

"बातमी तू आणलीस, ती खोटी निघाली. हो मी म्हटलं, ते खोटं नव्हतं." त्यांनी आपली बॅग उजव्या खुर्चीशी ठेवली. "आता ऊठ लवकर, उशीर होतोय."

"ऐका!" मधल्या आसनावरून जुमाश ओरडला. "या कंपनीत उशीर झालेला पहिल्यांदा कोणालातरी कळला!"

मी उठले. डाव्या खुर्चीची गादी इतक्या वर्षांत त्यांच्या मापाची झाली होती, मी तिच्यात बुडाले. जुमाशने मागून एक उशी दिली. साबिरा एजेच्या खिडकीतली होती ती.

आणि उशीमागोमाग साबिरा एजे स्वतः. डोक्याला नवा रुमाल, हातात बोरसोकांचं, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, गाठोडं, काखेत फडक्यात गुंडाळलेली किटली. दुसऱ्या हातात तिकीट. स्वतःच स्वतःसाठी फाडलेलं, कंपनीच्या वहीतलं शेवटचं.

"एजे, आज प्रवासी न्यायचे नाहीत," जुमाश म्हणाला. "नियम आहे."

"एकोणीस वर्षं मी सगळ्यांना पाठवलं. आज मी जाणार."

जुमाशने सवयीने तुर्दाकुन आकेंकडे पाहिलं. आके खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला काय विचारतोस? कमांडरला विचार."

मला दोन क्षण लागले तो कमांडर म्हणजे मी हे समजायला. "बसा एजे," मी म्हटलं. "पट्टा घट्ट लावा."

पुढचं चाक वळवायचा दांडा फक्त डाव्या बाजूला असतो. मी त्याला जन्मात हात लावला नव्हता. विमान निघालं ते आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मागून साबिरा एजे ओरडली, "असंच असतं का हे?" तुर्दाकुन आकेंनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसून राहिले, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत दांडा माझ्या हाताला कळला.

मग तिन्ही इंजिनं एकदम. खुर्ची पाठीला भिडली, कुंपणावरची माणसं एका रंगाची झाली, नाक उचललं आणि चाकांचा खडखडाट थांबला. मी हजारदा वर गेले असेन. पण या वेळी ते मी केलं होतं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. जुमाशही ओरडला. मागे साबिरा एजे ओरडतच होती, पण तिचं ओरडणं आता हसण्यात गेलं होतं.

खाली तळं उघडलं, निळंशार, या टोकापासून दिसेनासं होईपर्यंत. पश्चिमेकडे निघालं की दक्षिण काठ डाव्या हाताला येतो. मी डाव्या खिडकीतून बघत होते. बागा आल्या, वळणावरची शाळा आली. आणि एकदम ध्यानात आलं, की उजव्या खुर्चीतून यातलं काहीच दिसत नाही. तिथून नुसतं पाणी दिसतं. मी इतकी वर्षं पाणीच बघत आले होते. तुर्दाकुन आकेही पाणीच बघत होते, मान ताठ, आणि त्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

मी विमान डावीकडे वळवलं. काठ ओलांडून आत, डोंगरांच्या बाजूला.

"कमांडर, वाट सोडलीस," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"डोंगर आहेत पुढे."

"तेही माहीत आहेत. तुम्हीच दाखवलेत."

डोंगर आणि गाव यांच्यामधून मी पुन्हा पश्चिमेला वळले, तेव्हा गाव उजवीकडे आलं. शक्य तितकं खाली उतरले. बागा लाल झाल्या होत्या. एका अंगणात एक बारीकसं माणूस, हातात पांढरं काहीतरी.

तुर्दाकुन आकेंनी कपाळ काचेला टेकवलं. मान न वळवता त्यांनी विचारलं, "पंख हलवायची परवानगी आहे का, कमांडर?"

"हलवा," मी म्हटलं.

त्यांनी मांडीखालचे हात काढले आणि तीनदा पंख हलवले. अंगणातलं पांढरं काही थांबेना.

तळं संपलं, घाट आला, दोन-चार ढगांतून गेलो. जुमाश सारखा मनगटाकडे बघत होता. घड्याळ कानाला लावत होता, बंद पडलंय का म्हणून. मग तो माझ्या कानाशी आला. "उलकान. एवढा वळसा घालूनसुद्धा... हे बघ. अकराच्या आत पोचतोय आपण."

"शक्य नाही."

"तूच बघ ना!"

मी बघितलं. खरंच. मी नियंत्रण कक्षाला हाक दिली. तिथला माणूस गोंधळला. "तेमिर कनात? पण तुम्ही अकराला येणार होतात."

"अकराच वाजायला आलेत."

"हो, ते... पण तुम्ही..." मग तो हसला आणि धावपट्टी मोकळी असल्याचं सांगितलं.

शहर समोर दिसायला लागलं तेव्हा मी उजवीकडे वळून ओरडले, "सुयुन्चु! तुर्दाकुन आके, सुयुन्चु!"

जुमाशने कपाळावर हात मारला. आकेंनी संशयाने माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा? मागची आठवते ना?"

"ही पूर्ण ऐकून आणलीय. आधी हो म्हणा."

"माझ्याकडे आता उरलंय काय, पोरी, द्यायला?"

"हो म्हणा."

"बरं बाई, हो. काय पाहिजे?"

"विमान उतरवून द्या. तुमच्या हातांनी."

समोर धावपट्टी मोठी होत होती. त्यांनी घसा खाकरला. "आणि बातमी?"

"सहा वर्षांत पहिल्यांदा," मी म्हटलं, "तेमिर कनातचं विमान वेळेवर पोचतंय. नुसतं वेळेवर नाही. सात मिनिटं आधी."

तुर्दाकुन आके हसायला लागले. हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते न पुसता त्यांनी सुकाणू हातात घेतलं. मी माझे हात सोडले आणि मांडीखाली घातले. त्यांनी विमान असं टेकवलं की साबिरा एजेने मागून विचारलं, "कधी उतरणार आपण?"

पुढचं वळण माझं होतं, दांडा माझ्याच बाजूला. मी विमान सांगितलेल्या जागेवर सरळ नेऊन उभं केलं. इंजिनं एकेक करून शांत झाली. दहा वाजून त्रेपन्न मिनिटं.

बाहेर कोणी नव्हतं. ताबा घेणारा माणूस नाही, मुख्यालयातलं कोणी नाही, एक कुत्रासुद्धा नाही. जुमाशने रेडिओवर चौकशी केली. मायरामने त्या गिऱ्हाइकाच्या माणसाला समजावून सांगितलं होतं म्हणे, की तेमिर कनात अकरा म्हणतं तेव्हा एकपर्यंत यायची घाई करू नका. तो कुठेतरी जेवायला बसला होता.

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग साबिरा एजेने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर गाठोडं सोडलं, बोरसोक मांडले आणि किटलीवरचं फडकं काढलं. चहा अजून गरम होता. तुर्दाकुन आके तिच्या शेजारी येऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. आम्ही खाल्लं, प्यायलो, साबिरा एजेने ढगांच्या आत कसं काहीच नसतं हे आम्हाला सविस्तर सांगितलं.

साडेअकराच्या सुमाराला लांबच्या फाटकातून एक पांढरी गाडी आत आली. जुमाश तोंडातला घास तसाच ठेवून शेपटीच्या जिन्याकडे जायला उठला.

"बस रे," तुर्दाकुन आके म्हणाले. "कमांडरने अजून दार उघडायला सांगितलेलं नाही."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर गाडीचं दार वाजलं, कोणीतरी खालून पत्र्यावर टकटक केलं.

मी माझी पियाली पुढे केली. "एजे," मी म्हटलं, "अजून थोडा चहा ओता."